कंदातून आलेलं औषध, वनस्पतीत शोधलेला उतारा

प्रस्तावना

हे पुस्तक स्टेरॉइडच्या विरोधात नाही. सुरुवातीलाच हे सांगून टाकलेलं बरं, कारण 'वनस्पती' आणि 'स्टेरॉइड' हे दोन शब्द एका मुखपृष्ठावर दिसले की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटावरचे म्हणतात, गोळ्या म्हणजे विष आणि झाडपाला म्हणजे अमृत. दुसऱ्या तटावरच्यांना झाडपाला म्हटलं की भोंदूगिरीच आठवते. दोघांचीही इथे निराशा होणार आहे. या पुस्तकाचा प्रश्न त्या भांडणापेक्षा बराच अरुंद आहे, आणि म्हणूनच त्याचं उत्तर शोधता येण्यासारखं आहे. दमा, आमवात, ल्युपस, नेफ्रोटिक सिंड्रोम, पेम्फिगस अशा आजारांत किंवा मूत्रपिंडाचं रोपण झाल्यावर ज्यांना महिनोन्‌महिने स्टेरॉइड घ्यावं लागतं, त्यांची हाडं ठिसूळ होतात. ती वाचवायला वनस्पतींतल्या रेणूंची मदत होईल का? होत असेल तर कुठल्या रेणूची, किती मात्रेत, आणि हे आपल्याला कशावरून कळलं?

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वनौषधींवरच्या मराठी पुस्तकांत गुणांच्या याद्या भरपूर असतात, पुरावा मात्र क्वचित सापडतो. इथे उलटा क्रम ठेवला आहे.

आधी स्टेरॉइडची बाजू, कारण तिचं ऋण मोठं आहे. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका रुग्ण बाईंना 'कंपाउंड ई' नावाच्या द्रव्याची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. काही दिवसांतच त्या उठून चालू लागल्या आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच खरेदीसाठी बाहेर पडल्या. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिझोन. पुढच्या दोन वर्षांत, १९५० साली, हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. एखाद्या उपचाराला इतक्या लवकर नोबेल मिळण्याची उदाहरणं थोडी आहेत. आपल्या पिढीने त्याचीच आवृत्ती २०२० च्या जूनमध्ये पाहिली. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की दिवसाला फक्त ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. काही रुपयांची ती गोळी. तिला विष म्हणणाऱ्याने ते आकडे एकदा नजरेखालून घालावेत.

हाडांबद्दलचा इशारा मात्र नोबेलच्याही आधीचा आहे. हार्वे कुशिंग या मेंदूशल्यविशारदाने १९३२ साली ज्या आजाराचं वर्णन केलं आणि ज्याला पुढे त्याचंच नाव मिळालं, त्यात शरीर स्वतःच जास्तीचं कॉर्टिसॉल तयार करतं. त्या रुग्णांची हाडं मऊ पडलेली, मणके दबलेले असत, हे कुशिंगने तेव्हाच नोंदवलं होतं. म्हणजे कॉर्टिझोन बाटलीत येण्याआधी सोळा वर्षं त्याचा हाडांवरचा परिणाम वैद्यकाला माहीत होता. तरी १९५० च्या दशकात ते सर्रास वापरलं जाऊ लागलं आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांचे मणके मोडल्याच्या नोंदी येऊ लागल्या, तेव्हा अनेकांना धक्का बसला.

आता या कहाणीतला मला सर्वांत आवडणारा भाग. पहिलं कॉर्टिझोन गुरांच्या पित्तातून काढलेल्या आम्लापासून छत्तीसच्या आसपास रासायनिक पायऱ्या चढून बनवत. त्यामुळे ते दुर्मीळ होतं आणि महागही. त्याला सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं ते वनस्पतींनी. रसेल मार्कर हा तिरसट स्वभावाचा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या जंगलात एक रानटी कंद शोधत गेला. हा कंद डायोस्कोरिया कुळातला, म्हणजे आपल्या कोनफळाचा आणि करांद्याचा नातेवाईक. त्यातल्या डायोसजेनिन या द्रव्यापासून स्टेरॉइड संप्रेरकं बनवता येतात, हे त्याने दाखवलं आणि १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स नावाची कंपनी उभी राहिली. तिथल्याच चमूने १९५१ साली डायोसजेनिनपासून कॉर्टिझोन बनवलं. पुढच्याच वर्षी अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की या संश्लेषणातली सगळ्यात अवघड पायरी, म्हणजे रेणूच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणं, एक साधी बुरशी सहज पार पाडते. शिकागोत पर्सी ज्युलियन हा कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ सोयाबीनच्या तेलातल्या स्टेरॉलवर काम करत होता. वर्णद्वेषामुळे विद्यापीठांची दारं बंद झाल्यावर तो एका रंगाच्या कंपनीत शिरला होता. त्याचंही या स्वस्ताईत मोठं योगदान आहे.

तेव्हा 'रासायनिक स्टेरॉइड विरुद्ध नैसर्गिक वनस्पती' हे भांडण मुळातच पोकळ आहे. स्टेरॉइडची गोळी हीसुद्धा कंदमुळातून निघालेलीच वस्तू. फरक इतकाच की त्या कंदाला गोळी होण्याआधी रेणू वेगळा काढणं, त्याची रचना ओळखणं, मात्रा ठरवणं, हजारो माणसांवर गुण आणि दोष मोजणं या सगळ्या वाटेने जावं लागलं. हाडं वाचवणाऱ्या वनस्पतींची ती वाट अजून अर्धीही झालेली नाही.

स्टेरॉइड हाडाचं नेमकं काय करतं, याला पुस्तकात दोन प्रकरणं दिली आहेत. इथे गोषवारा. हाड ही मेलेली वस्तू नव्हे. जुन्या वाड्याची डागडुजी जशी सतत चालू असते, एक टोळी कुजका भाग उतरवते आणि मागून दुसरी टोळी नवं बांधकाम करत येते, तसं हाडात जन्मभर चालतं. उतरवणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. बांधकामातच स्वतःला गाडून घेऊन हाडावर कुठे ताण पडतोय याची खबर ठेवणाऱ्या पेशी ऑस्टिओसाइट. बाईची पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात त्यात मुख्यतः उतरवणं बेसुमार वाढतं. स्टेरॉइडने सुरुवातीचे काही महिने तसंच होतं, पण खरा घात नंतर होतो: बांधणं थंडावतं. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइनस्टाइन, स्टॅव्हरोस मॅनोलागास आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांत आणि रुग्णांच्या हाडांच्या तुकड्यांत दाखवलं की स्टेरॉइडमुळे ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइट या पेशी अकाली मरतात. शिवाय मज्जेतल्या ज्या मूळ पेशींमधून हाड बांधणाऱ्या पेशी व्हायच्या, त्या चरबीच्या पेशी होऊ लागतात. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं, स्नायू झडतात आणि माणूस पडण्याची शक्यता वाढते.

ऑस्टिओसाइट मेल्या की हाडाची घनता तपासणीत बरी दिसत असतानाही ते मोडू शकतं. डेक्सा या घनता-तपासणीच्या कागदावर आकडा ठीक आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या रुग्णाचा मणका दबतो, त्याचं एक कारण हे.

आकड्यांतही हे स्पष्ट दिसतं. ब्रिटनमधल्या सुमारे अडीच लाख स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी टी. पी. व्हान स्टा आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २००० साली निष्कर्ष छापले. दिवसाला साडेसात मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत मणका मोडण्याचा धोका पाचपट होता. अडीच ते साडेसातच्या दरम्यान, म्हणजे ज्याला डॉक्टर आणि रुग्ण दोघंही 'अगदी कमी डोस' म्हणतात, त्यातही तो अडीचपट होता. धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वर चढतो. दिलासा देणारी बाब अशी की औषध थांबलं की तो बराच खालीही येतो. मणके आणि बरगड्या आधी मोडतात, कारण त्यांच्यात जाळीदार हाड जास्त असतं. खुब्याच्या सांध्यातलं हाड रक्तपुरवठा तुटून मरणं हा वेगळा प्रकार. कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्याचे रुग्ण नोंदवले आणि वर्तमानपत्रांतून ही गोष्ट घरोघरी पोहोचली. या पुस्तकाचा रोख त्यावर नाही, दोन्हींची गल्लत मात्र होऊ नये.

यावर औषधं आहेत का? आहेत, आणि चांगली आहेत. पुरेसं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा पाया. उन्हाच्या देशात राहूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, त्यामुळे हा पाया गृहीत धरता येत नाही. त्यावर अ‍ॅलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल ही बिस्फॉस्फोनेट कुळातली औषधं. ज्यांचा धोका मोठा त्यांच्यासाठी टेरिपॅराटाइड. स्टेरॉइडमुळे झिजलेल्या हाडांत ते अ‍ॅलेंड्रोनेटपेक्षा सरस ठरल्याचं २००७ मध्ये छापून आलं. ते बांधणाऱ्या पेशींना बळ देतं. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तीन महिन्यांहून अधिक काळ दिवसाला अडीच मिलिग्रॅम किंवा जास्त स्टेरॉइड घेणार असाल तर हाडांचा विचार सुरुवातीलाच व्हायला हवा. प्रत्यक्षात आपल्याकडे किती चिठ्ठ्यांवर तो होतो? ज्या रुग्णांनी मला आपल्या फायली दाखवल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांना 'हाड' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तो हाड मोडल्यावर.

मग वनस्पतींकडे वळायचं कशाला? कारण या औषधांना मर्यादा आहेत. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतात, त्यामुळे मूल व्हायचं असलेल्या पंचविशीतल्या ल्युपसच्या मुलीला ते देताना डॉक्टर कचरतात. मूत्रपिंड कमकुवत असेल तर त्यांतली काही चालत नाहीत. टेरिपॅराटाइड रोज टोचून घ्यावं लागतं आणि ते महाग आहे. डेनोसुमॅब हे आणखी एक औषध मध्येच सोडलं तर मणके उलट झपाट्याने मोडू शकतात. तेव्हा मुख्य उपचाराच्या जोडीला तोंडाने घेता येईल, स्वस्त असेल आणि बांधणाऱ्या पेशींना मरू देणार नाही असं काही सापडलं, तर त्याला जागा आहे. शोध सुरू आहे तो या जागेसाठी.

भारतीय वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे फार लवकर विचारला गेला. बनारस हिंदू विद्यापीठात शल्यविशारद डॉ. के. एन. उडुपा आणि डॉ. जी. सी. प्रसाद कांडवेलीवर काम करत होते. कुंपणावर चढणारी ही चौकोनी, पेरापेरांची वेल. हाडमोडीवर तिचा लेप लावायची रीत देशभर आहे, कुठे ती हाडजोड तर कुठे हाडसांधी म्हणून ओळखली जाते. उडुपा आणि प्रसाद यांनी नुसती 'वेल गुणकारी' अशी ग्वाही दिली नाही. त्यांनी मोडलेल्या हाडांच्या प्राण्यांना कॉर्टिझोन दिलं, म्हणजे हाड सांधणं मुद्दाम मंदावलं, आणि मग वेलीचा अर्क देऊन काय होतं ते पाहिलं. अर्काने कॉर्टिझोनचा अडथळा बराच दूर केला, असा निष्कर्ष १९६३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून केलेलं त्यांचं कामही आलं. हेंच यांच्या त्या इंजेक्शनला तेव्हा पंधरा वर्षंच झाली होती. ज्या काळात जगातले बहुतेक डॉक्टर स्टेरॉइडने हाडं का झिजतात यावर चाचपडत होते, त्या काळात वाराणसीत त्याचा उतारा तपासला जात होता.

आणि मग? त्या प्रयोगाचं पुढचं पाऊल, म्हणजे दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत कांडवेलीची नीट आखलेली चाचणी, आपण टाकलंच नाही. कांडवेलीच्या कॅप्सूल मात्र आज व्यायामशाळांपासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे मिळतात. संशोधन थांबलं तरी विक्री थांबत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वाराणसीनंतर हे काम मुख्यतः चीनमध्ये फोफावलं. तिथे एपिमेडियम या वनस्पतीतलं इकॅरिन, डॅनशेन मुळातली सॅल्व्हिॲनोलिक आम्लं, क्युड्झूच्या कंदातलं प्युरॅरिन या रेणूंवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोन दिलेल्या उंदरांत प्रयोग झाले. क्युड्झूचा सख्खा भाऊ म्हणजे आपला विदारीकंद. याखेरीज सोयाबीनमधलं जेनिस्टीन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, हळदीतलं कर्क्युमिन, लिंबूवर्गातलं नॅरिंजिन. यादी लांब आहे आणि तिचा तपशील चौथ्या प्रकरणात येईल. यंत्रणा बहुतेकांच्या मिळत्याजुळत्या सांगितल्या जातात: बांधणाऱ्या पेशींना उभारी देणारा डब्ल्यूएनटी नावाचा संदेशमार्ग स्टेरॉइड दाबून टाकतं, तो हे रेणू पुन्हा मोकळा करतात, उतरवणाऱ्या पेशींना बोलावणारं रँकएल प्रथिन कमी करतात, पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचा ताण हलका करतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शिसवाच्या पानांवर झालेलं काम तर हाड लवकर सांधणाऱ्या उत्पादनापर्यंत पोहोचलं. अश्वगंधेतल्या विथाफेरिन-ए या रेणूचा हाडं बांधणाऱ्या पेशींवरचा परिणामही तिथल्याच शास्त्रज्ञांनी तपासला. ही दोन्ही कामं मुळात स्टेरॉइडसाठी आखलेली नव्हती, हे विसरायचं नाही.

इतके सगळे रेणू, इतके निराळे, आणि सगळेच तीच चार-पाच बटणं दाबतात म्हणे. मला यात आनंदापेक्षा संशय जास्त वाटतो. पेशींच्या ताटलीत भरपूर मात्रेत टाकलेला जवळजवळ कुठलाही फ्लेव्होनॉइड काहीतरी परिणाम दाखवतो. शिवाय प्रयोगशाळेतला मोठा उंदीर, ज्याला रॅट म्हणतात, त्याचं हाड जवळजवळ आयुष्यभर वाढत राहतं आणि स्टेरॉइडला ते माणसाच्या हाडासारखा प्रतिसाद देईलच असं नाही. वाइनस्टाइन यांनी छोटे उंदीर निवडले ते उगाच नाही.

मात्रेचंही गणित करून पाहावं. समजा रॅटला दर किलोमागे १०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर हाडं वाचली. माणसासाठी हा आकडा साधारण सहाने भागतात, म्हणजे किलोमागे १६ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला जवळपास एक ग्रॅम कर्क्युमिन. हळदीत ते सुमारे तीन टक्के धरलं तर रोज तीस-बत्तीस ग्रॅम हळद, दहा चहाचे चमचे. सांगलीच्या बाजारातली कितीही उत्तम हळद आणली तरी एवढी कुणी खाणार नाही, आणि खाल्ली तरी कर्क्युमिनचा बराचसा भाग रक्तात पोहोचणार नाही. म्हणून मग मिरीचा अर्क मिसळलेल्या, शोषण वाढवलेल्या कॅप्सूल निघतात. त्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आता वैद्यकीय साहित्यात आहेत. रात्रीचं हळदीचं दूध आणि हे अर्क ही एकच वस्तू नव्हे. दूध खुशाल प्या, त्यातलं कॅल्शियम तरी नक्की उपयोगाचं आहे.

माणसांवरचा पुरावा अगदीच नाही असंही नाही, पण तो शेजारच्या प्रश्नाचा आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या १०० स्त्रियांवर दोन वर्षं चाललेली एक चिनी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ६० मिलिग्रॅम इकॅरिन, १५ मिलिग्रॅम डायडझीन आणि ३ मिलिग्रॅम जेनिस्टीन घेणाऱ्यांची हाडं टिकली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांची झिजली. त्याच वर्षी इटलीतून रोज ५४ मिलिग्रॅम जेनिस्टीनने पाळी गेलेल्या स्त्रियांची अस्थिघनता वाढल्याचा अहवाल आला. उत्साह वाटावा असेच हे निकाल. मात्र या स्त्रिया स्टेरॉइड घेत नव्हत्या, आणि पाळी गेल्यावरची झीज व स्टेरॉइडची झीज यांची जातकुळी वेगळी आहे हे वर पाहिलंच. घनता वाढणं आणि हाड न मोडणं यांतलं अंतरही उरतंच. ज्याला उत्साह आवरत नसेल त्याने इप्रिफ्लॅव्होनची गोष्ट वाचावी. वनस्पतींतल्या आयसोफ्लॅव्होनच्या सांगाड्यावर बेतलेला हा रेणू काही देशांत हाडांचं औषध म्हणून वापरात होता, छोट्या अभ्यासांचे निकाल छान होते. मग युरोपात ४७४ स्त्रियांवर चार वर्षांची मोठी चाचणी झाली आणि २००१ मध्ये निकाल लागला: हाडांची झीज थांबली नाही, मणके मोडायचे कमी झाले नाहीत, वर काही जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी घटल्या. आधीच स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात अशी घट काय करेल, याचा विचार वाचकानेच करावा.

ज्येष्ठमधावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. संपादकांना ते लांबलेलं वाटलं, पण मी हट्टाने ठेवलं, कारण या विषयातला सगळा गुंता त्या एका मुळीत आहे. शरीरात एका एन्झाइमच्या दोन जाती असतात. पहिली यकृतात आणि हाडात निष्क्रिय कॉर्टिझोनचं सक्रिय कॉर्टिसॉल करते. दुसरी मूत्रपिंडात नेमकं उलट करते, कॉर्टिसॉलला निष्क्रिय करते. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन दोन्हींना अडवतं. मलेशियाच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिल्या जातीवर नेम धरला: हाडातच स्टेरॉइड सक्रिय होऊ दिलं नाही तर हाड वाचेल. त्यांनी ग्लिसिरायझिक आम्ल आणि तिकडच्या एका रानमिरीची पानं रॅटमध्ये वापरून हाडं काही अंशी वाचल्याचं दाखवलं. कल्पना सुरेख आहे. पण त्यांनी प्रयोगात वापरलेलं डेक्सामेथासोन मुळातच सक्रिय असतं, त्याला या एन्झाइमची गरज नाही, त्यामुळे निकाल खरा असला तरी त्याचं स्पष्टीकरण लंगडं पडतं. आणि दुसरी जात? ती अडली की शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, शिवाय प्रेडनिसोलोन शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे घसा बसला म्हणून रोज ज्येष्ठमध चघळणारा स्टेरॉइडचा रुग्ण नकळत आपला डोस वाढवून घेत असतो. एकाच मुळीत हाडाचा रक्षक आणि भक्षक, आणि कोण कधी वर चढेल हे मात्रेवर अवलंबून.

ग्रेपफ्रूटचा रसही मिथाइलप्रेडनिसोलोनचं रक्तातलं प्रमाण वाढवतो. गुळवेलीचं आणखी वेगळं. कोविडच्या काळात काढे घेऊन यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले. वेल खरी गुळवेल होती की तिची दुसरी बहीण, यावर वाद झाला आणि तो अजून शमलेला नाही. प्रतिकारशक्ती चेतवणारी म्हणून जी वेल घ्यायची, ती प्रतिकारशक्तीच अंगावर उलटल्याच्या आजारात घ्यावी का, हा साधा प्रश्न त्या वादात हरवला.

याहून मोठा धोका वनस्पतींचा नाहीच, वनस्पतीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांचा आहे. सांधेदुखीवरच्या तथाकथित वनौषधींत डेक्सामेथासोन, डायक्लोफेनॅक, पिरॉक्सिकॅम मिसळलेलं असल्याचं भारतातल्या आणि परदेशातल्याही रासायनिक तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. गावच्या बाजारात, एसटी स्टँडजवळ, हल्ली मोबाइलवरच्या जाहिरातींतून मिळणारी ही पुडी घेतली की दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात. वीस वर्षांचं दुखणं दोन दिवसांत जाईल असं कुठलंही मूळ मला माहीत नाही. महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, भूक वाढते, अंगावर जरा लागलं की काळंनिळं पडतं, साखर चढते. 'औषध मानवलं' म्हणून शेजारीपाजारी त्याच पत्त्यावर जातात. कुणीतरी पुडी एकदम बंद करतं आणि ग्लानी, उलट्या, घसरलेला रक्तदाब घेऊन रुग्णालयात पोहोचतं, कारण शरीराची स्वतःची कॉर्टिसॉल करण्याची क्षमता निजलेली असते. हाडं वाचवण्यासाठी म्हणून 'शुद्ध झाडपाला' घेणारा माणूस प्रत्यक्षात मोजमाप नसलेलं स्टेरॉइड घेत असतो. या विषयावर एकच पान वाचायचं ठरवलं असेल तर सातव्या प्रकरणातलं ते वाचा.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी वनस्पतींवर पाणीच सोडलं. तसं नाही. वनौषधींची कसोटीची परीक्षा घेता येते, आणि तीही इथेच, हे पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. गुडघ्याच्या संधिवातात सुंठ, गुळवेल, आवळा, सलई, गुग्गुळ अशा द्रव्यांच्या आयुर्वेदिक योगांची तुलना त्यांनी ग्लुकोसामिन आणि सेलेकॉक्सिबशी केली. ४४० रुग्ण, २४ आठवडे, कोण काय घेतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक नाही, अशी ही चाचणी. २०१३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आली. वनौषधी त्या औषधांच्या तोडीच्या ठरल्या. त्याच निबंधात काही रुग्णांचं यकृताचं एक एन्झाइम वाढल्याचंही त्यांनी लपवलं नाही. मला त्या कामात विजयापेक्षा ही शेवटची कबुली मोलाची वाटते.

तशीच चाचणी आता हाडांसाठी हवी. स्टेरॉइड नुकतंच सुरू झालेले रुग्ण, सगळ्यांना कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असेल त्यांना नेहमीचं औषध, वर निम्म्यांना प्रमाणित केलेला एक अर्क किंवा एक रेणू. मोजायचं काय, तर नुसती घनता नाही, दबलेले मणकेही. यासाठी लागणारे रुग्ण, संधिवाततज्ज्ञ, वैद्य, रसायनशास्त्रज्ञ सगळे महाराष्ट्रात एकाच शहरात सापडतील. माझी पसंती विचाराल तर पहिला मान कांडवेलीला द्यावा. निर्यातीच्या कॅप्सूलसाठी तिची लागवड होते, मग वाराणसीत १९६३ साली विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी का होऊ नये? आयुष मंत्रालयाने आणि आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हे मनावर घ्यावं, अशी या पुस्तकाची जाहीर मागणी आहे.

राहिला वाचक. तुमच्या घरात कुणी तीन महिन्यांपेक्षा जास्त स्टेरॉइड घेणार असेल, तर डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारा: हाडांसाठी काय करायचं? जो काढा, चूर्ण, कॅप्सूल चालू असेल ती पिशवीत घालून त्यांच्यापुढे ठेवा, वैद्यांनी दिली असेल तर त्यांचीही चिठ्ठी सोबत न्या. आणि हे पुस्तक वाचून किंवा दुसरं कुठलंही वाचून, स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नका.